घोडवाटेवरचे किनारे

भूमध्य समुद्रावर कुणालाच ठाऊक नसलेला किनारा आता उरलेला नाही. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत एकूण एक खाचेचा फोटो कुणीतरी काढून ठेवला आहे. तरीही मिनोर्का या स्पॅनिश बेटावर, मे महिन्यात, मला रिकामे किनारे भेटत राहिले. इथे त्यांना 'काला' म्हणतात: दोन कड्यांच्या मध्ये आत शिरलेलं पाणी आणि त्याच्या टोकाशी ओंजळभर वाळू.

त्यांच्यापर्यंत नेते ती कामी दे कवाय्स, म्हणजे घोड्यांची वाट. बेटाला पूर्ण वळसा घालणारी, १८५ किलोमीटरची. समुद्रातून कोण चाल करून येतंय यावर नजर ठेवायला पूर्वी घोडेस्वार हिच्यावरून गस्त घालत. धास्ती काही उगाच नव्हती. १५५८ साली तुर्की आरमारानं सिउतादेया हे शहर उद्ध्वस्त केलं आणि हजारो माणसं गुलाम म्हणून नेली. पुढे गस्त संपली, वाट खासगी शेतांत गेली, मालकांनी फाटकांना कुलपं ठोकली. गावकरी भांडले. २००० मध्ये वाटेवरच्या हक्काचा कायदा झाला आणि २०१० मध्ये ती सलग खुली झाली. मी अर्थातच चालणाऱ्यांच्या बाजूचा. पण त्या कुलपांचे थोडे उपकार मानायलाच हवेत असं वाटतं. कुलपं लावणाऱ्यांनी जमिनी अखंड राखल्या; त्यांचे तुकडे पडून विकले गेले असते, तर तिथे आज हॉटेलं असती.

फाटकं अजून आहेत, फक्त कुलपं नाहीत. रानऑलिव्हच्या वाकड्यातिकड्या फांद्या सोलून बनवलेली, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. एकही दांडा सरळ नाही, तरी झाप कुरकुरत नाही. गाई बाहेर पडू नयेत म्हणून मागे वळून फाटक लावून घ्यायचं, एवढीच अट.

दक्षिणेच्या माकारेयाबद्दल फार लिहीत नाही. पांढरी वाळू, निळं पाणी, चित्रात दिसतं तसंच आहे, आणि तेच पाहायला सगळे येतात. उत्तरेचा काला पिलार मात्र ओकच्या रानातून अर्धा-पाऊण तास चालल्याशिवाय दिसत नाही. वाळू तांबूस, मागे लाल मातीचा उतार. आणि दिसण्याआधी त्याचा वास येतो.

पाण्याच्या कडेला गुडघाभर उंच, तपकिरी, चिंचोळ्या पानांचा ढीग होता. वरचा थर वाळून कुरकुरीत, खालचा ओला, लिबलिबीत. त्यात लिंबाएवढे केसाळ गोळे. एक हातात घेतला तर वजनच नाही. लाटांनी तंतू वळून वळून केलेला. हे पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, समुद्राच्या तळाशी फुलणारी, फळणारी वनस्पती. तिची कुरणं लाटांचा जोर मोडतात आणि तळाची वाळू धरून ठेवतात. तुटलेली पानं किनाऱ्यावर साचली की हिवाळी वादळांचा मार आधी त्या ढिगावर बसतो. आमच्या कोकणात असा ढीग पुढच्या भरतीनं इकडचा तिकडे केला असता. इथे भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, म्हणून तो महिनोन्‌महिने तसाच पडून असतो.

हॉटेलांपुढचे किनारे उन्हाळ्याआधी यंत्रं लावून 'साफ' करतात आणि पानांबरोबर वाळूही उचलली जाते. मिनोर्का ज्यांत मोडतं त्या बालेआरिक बेटांच्या सरकारनं २०१८ मध्ये या कुरणांवर बोटींचे नांगर टाकायला बंदी घातली. कारणही तसंच आहे: पोसिडोनिया आडवी पसरते ती वर्षाला काही सेंटिमीटर, आणि एका नांगराला खड्डा पाडायला क्षण पुरतो.

मी ढिगाला टेकून बसलो होतो, तेवढ्यात एक तरुण जोडपं रानातून उतरलं. तिनं नाक मुरडलं, त्यानं फोनवरचा फोटो समोर धरून किनाऱ्याशी ताडून पाहिला. दोघं थोडं कुजबुजले, मला हात करून पुढच्या वाटेला लागले. मी पिशवीतून ब्रेड काढला, त्यावर इथलं गाईच्या दुधाचं खारट चीज ठेवलं. वासाची सवय व्हायला दहा मिनिटं लागतात.