फळ्यासमोर उभे न राहता मिळालेले सर्टिफिकेट परदेशात चालते का?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने आमच्यासमोर मोबाईल धरला. इंग्रजी शिकवण्याचे १२० तासांचे ऑनलाइन सर्टिफिकेट. जाहिरातीत लिहिले होते, ‘जगभर मान्य’. फीसाठी आईने बचत गटातून कर्ज काढले होते. व्हिएतनाममधल्या एका भाषा केंद्राने मुलाखतीत विचारले, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांना किती तास शिकवले आणि ते कोणी पाहिले? उत्तर होते शून्य. मुलाखत तिथेच संपली. ती म्हणाली, “दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना, हा कोर्स कर म्हणून?”

होय, आम्हीच सांगितले होते. म्हणून हा लेख.

आमची चूक कुठे झाली? आपल्या समाजाचे अर्धे आयुष्य कागद गोळा करण्यात जाते. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला. कागद असला की काम होते, ही सवय व्यवस्थेनेच आपल्याला लावली. परदेशातल्या नोकरीलाही आम्ही तोच हिशोब लावला.

पण तिथे दोन दरवाजे असतात. पहिला सरकारचा. व्हिएतनाममध्ये परदेशी शिक्षकाच्या वर्क परमिटसाठी पदवी आणि अध्यापनाचे सर्टिफिकेट रीतसर प्रमाणित करून द्यावे लागते. इथे कागद चालून जातो. दुसरा दरवाजा नोकरी देणाऱ्याचा. चांगल्या संस्था केंब्रिजचे सेल्टा किंवा ट्रिनिटीचे सर्ट टेसॉल मागतात. या दोन्हींत प्रशिक्षकाच्या नजरेखाली खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते. सेल्टा ऑनलाइन केले तरी ही अट सुटत नाही. सेल्टाचा अभ्यासक्रमही किमान १२० तासांचाच असतो. स्वस्त कोर्सवाल्यांनी आकडा तेवढा उचलला, वर्ग मात्र वगळला!

तिसरी अडचण जन्माची. दक्षिण कोरिया इंग्रजी संभाषण शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांना देतो. त्या यादीत भारत नाही. जन्म पाहून लायकी ठरवणे आपल्याला नवे नाही. मग कोणी म्हणेल, पासपोर्टच आडवा येतो तर सरावाचा खर्च कशाला? आमचे म्हणणे उलट आहे. जिथे दार उघडे आहे, तिथेही समोरच्याला त्याच्या जन्माचा फायदा मिळणारच. आपल्याजवळ दाखवायला आपले काम असले पाहिजे.

आणि हा प्रश्न केवळ नोकरीचा नाही. आम्ही स्वतः विहारात पहिल्यांदा इंग्रजी शिकवायला उभे राहिलो, तेव्हा फळाभर काळांचे नियम लिहिले. मुले गप्प. मागे बसलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या एक निवृत्त बाई नंतर म्हणाल्या, “पंचेचाळीस मिनिटांत चाळीस मिनिटं तुम्हीच बोललात. मग मुलं इंग्रजी बोलणार कधी?” हे आम्हाला कुठल्याही व्हिडिओने सांगितले नसते. सावित्रीबाईंनीसुद्धा शिकवण्याआधी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. वर्गात उभे राहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे त्यांना तेव्हाच उमगले होते.

आता खरा आक्षेप. सेल्टाचा खर्च लाखाच्या वर जातो. वस्तीतल्या मुलीने तो आणायचा कुठून? परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत, अशा छोट्या कोर्ससाठी नाहीत. म्हणजे सराव पैसेवाल्याला आणि कोरा कागद गरिबाला, अशी नवी वाटणी तयार होते. सरावाची अट काढून टाकल्याने ही वाटणी मोडणार नाही. सराव आपल्या पोरांना परवडेल असा झाला तरच मोडेल. स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण देणाऱ्या बार्टीने सरावासह असा मान्यताप्राप्त कोर्स मोफत द्यावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. सर्टिफिकेट देणारी मूळ संस्था कोणती? खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास? निरीक्षकाचा लेखी अभिप्राय मिळतो का? ज्या देशात जायचे, तो भारतीय पासपोर्टवर शिक्षकाचा व्हिसा देतो का? बी.एड. झालेल्यांनी आपले वीस आठवडे शाळेच्या लेटरहेडवर लिहून घ्यावेत. ते फुकट घालवू नका.

ती मुलगी आता आठवड्यातून तीन संध्याकाळी विहारात शिकवते. बाई मागे वही घेऊन बसतात. तारीख, वेळ, पाठटाचण, चुका, खाली सही. ही वही म्हणजे सेल्टा नव्हे, हे आम्ही तिला स्पष्ट सांगितले आहे. यावेळी अर्धवट सल्ला द्यायचा नाही, एवढे आम्ही शिकलो. बचत गटाचे हप्ते अजून चालू आहेत, आणि त्यातला अर्धा वाटा आम्ही उचलतो. पुढच्या मुलाखतीत तिचे उत्तर शून्य नसेल.

जय भीम!