आजोबांची वही

पिंपळगाव रेणुकाईच्या घराचं माळवद उतरवताना पेटीत आजोबांची वही निघाली. १९७२च्या दुष्काळातली. खडीच्या कामाची हजेरी, सुकडीचा हिशेब आणि मध्येच, 'बैल दिला.' कुणाला, केवढ्याला, काही नाही. पेन्सिल मात्र इतकी दाबलेली की मागच्या पानावर उठलीय.

अशा घरगुती कागदांवरूनही माणसं वाचता येतात. पोलिश शेतकऱ्यांच्या पत्रांवरून थॉमस आणि झ्नानिएत्स्की यांनी १९१८ ते १९२०मध्ये समाजशास्त्राचा ग्रंथ उभा केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून त्यांचा इतिहास लिहिला. मला हे बोलतं करणंच जवळचं वाटतं. माणसाला उलटून विचारता तरी येतं.

वहीत आजी कुठेच नाही. खडी तीही फोडायची, आत्या सांगते. भाऊ म्हणतो, वही विद्यापीठाला देऊ. देऊही. आधी आत्याकडे जाऊन बैलाचं विचारते.