सातबारा नसलेल्यांची पटकथा



सिनेमा लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं आपल्यातली पोरं मला विचारतात. विचारणारा बहुतेक बारावी झालेला असतो, नाहीतर तीही नाही. दिवसा कंटेनर यार्डात हेल्परी करतो नि रात्री मोबाईलवर काहीतरी लिहितो. मीही त्यातलाच. न्हावा शेव्याजवळच्या बौद्धवाडीत राहतो, तळोज्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराच्या हजेरीवर आहे. लाल झालेली सळई सांडशीनं धरायची नि पुढच्या रोलात घालायची, हे माझं काम. कविता करतो. पटकथा लिहायला मला कुणी शिकवलं नाही. सिनेमे पाहिले, थांबवून थांबवून पाहिले, कोण कुठून आत येतो नि कोण काय मागतो ते वहीत उतरवलं. एवढीच माझी शाळा.

या शाळेत जे कळलं ते सांगतो. कुणाला पटलं नाही तर भांडायला यावं.

आधी बंद झालेल्या दारांबद्दल. कारण हल्ली जो भेटतो तो हेच रडतो, की आता बाहेरच्या माणसाला वाटच राहिली नाही. खोटं नाही ते. अमेरिकेतल्या ॲमेझॉन स्टुडिओजनं २०१० साली सांगितलं होतं, कुणीही पटकथा पाठवा, दलाल नको, ओळख नको. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ती खिडकी बंद केली. आपल्याकडे २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप एका फटक्यात बंद केली. वीस कोटींच्या घरात माणसं ते वापरत होती. वीटभट्टीवरची, उसाच्या फडातली, वाड्यावस्त्यांवरची पोरं तिथं पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर आली होती, तीही कुणाच्या परवानगीशिवाय. भांडण दोन सरकारांचं सीमेवर, नि पडदा पडला वीटभट्टीवर. पुढं २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा नि हॉटस्टार एकत्र झाले. दोन दुकानांचं एक दुकान झालं की माल घेऊन दारात बसलेल्याचा भाव कुठं जातो, हे उरणच्या बाजारातली कुठलीही मच्छीवाली सांगेल.

माझ्याही वाट्याला एक दार आलं होतं. मराठी कथा-मालिका टाकायचं एक ॲप होतं. नाव घेत नाही, ते आता नाहीच. तिथं मी एक गोष्ट भागाभागानं टाकत होतो, पाळीवर जाता-येता. वाचणारे चार हजारांवर गेले. मग एक दिवस इंग्रजीत पत्र आलं, की महिनाभरात सगळं बंद. आई म्हणाली, "तुझी लिवलेली पानं तर घरात हायत ना? मग गेलं काय?"

प्रश्न बरोबर होता. भाग सगळे माझ्या वहीत होते. गेले ते वाचणारे. चार हजारांतल्या एकाचाही पत्ता माझ्याकडे नव्हता. तो कंपनीकडे होता. मी राबलो, माणसं जमवली, नि त्या माणसांचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला.

हे मला नवीन नव्हतं. माझा आजा मिठागरात राबायचा. मिठाचे ढीग त्यानं उपसले, मिठागर त्याचं नव्हतं. मग बंदर आलं. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली लोक लढले नि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो लढा मोठाच, त्या हुतात्म्यांना माझा जयभीम. पण आमच्या घरात एक गणित सुटलं नाही. सातबाराच नाही त्याचे साडेबारा टक्के किती? २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. आता वर्षाला लाखो कंटेनर त्यातून जातात. माझ्या आज्याचे हात त्या जागेवर होते, याची एक ओळ कुठल्या कागदावर नाही.

म्हणून मी पटकथा लिहितो. कवितेत हे लिहून झालं होतं. कवितेत 'अंधार' म्हटलं की भागतं. पटकथेत भागत नाही. तिथं विचारावं लागतं : दिवा कुणी मालवला, मीटर कुणाच्या नावावर होतं, अंधारात आई काय शोधत होती, नि ते तिला मिळालं का? पटकथा कवीचा माज उतरवते. जे दिसत नाही नि ऐकू येत नाही ते लिहायचंच नाही, एवढा एक नियम पाळून बघा. निम्म्या घोषणा आपोआप गळतात. उरतं ते झोंबतं.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' आठवा, २०१३ चा. डुक्कर पकडायला सगळं घर धावतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. पोरगा थांबतो, घर थांबतं, नि डुक्कर निघून जातं. एक शब्द कुणी बोलत नाही. जात, देश, शाळा, पोट, सगळं त्या एका उभं राहण्यात आहे. हे भाषणात सांगायला अर्धा तास लागला असता, नि समोरच्यानं टाळ्या वाजवून घर गाठलं असतं.

हा मंजुळे कोण? सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला, आधी कवी. अहमदनगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकताना त्यानं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' त्यानंतर, २०१६ चा 'सैराट' त्याच्याही नंतर. म्हणजे मुंबईनं दार उघडलं म्हणून तो आत गेला नाही. अभ्यासक्रमात हातात आलेल्या कॅमेऱ्यात त्यानं आपल्या वस्तीचं पोरगं उभं केलं, मग मुंबईला बघावं लागलं.

दुसरा नीरज घेवान. मराठी दलित घरातला, हैदराबादेत वाढलेला. कंपनीतली नोकरी करता करता तो 'पॅशन फॉर सिनेमा' नावाच्या साइटवर सिनेमावर लिहायचा. तिथून अनुराग कश्यपशी ओळख झाली, मग 'गँग्ज ऑफ वासेपूर'ला सहायक. २०१० च्या सुमारास ती साइट बंद पडली. घेवान बंद पडला नाही. २०१५ ला 'मसान' कान महोत्सवात गेला नि दोन पारितोषिकं घेऊन आला. २०२५ ला 'होमबाउंड' गेला, ऑस्करसाठी भारताकडून तोच निवडला गेला. साइट गेली तरी तिच्यावर भेटलेली माणसं त्याच्याजवळ राहिली, हे यातलं शिकण्यासारखं. पुढं त्यानं ट्विटरवर उघड लिहिलं, की मला दलित, बहुजन, आदिवासी समाजातले सहायक पाहिजेत. त्यावर केवढा गहजब झाला! पिढ्यान् पिढ्या काका-मामांची पोरं सहायक होत आली, तेव्हा जात कुणाला दिसली नव्हती.

पण खरं ते बोलू. घेवानकडे इंग्रजी होतं, पदवी होती, महिन्याला पगार होता. आपल्याकडे खाडा आहे. न्हावा शेवा स्टेशनवरून बेलापूर, तिथून हार्बरनं अंधेरी. जायला अडीच तास, यायला अडीच, नि तिथं बसायचे किती ते साहेबावर. एक दिवसाची हजेरी गेली. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा सेतूचं उद्घाटन झालं, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. मोटारवाला वीस-पंचवीस मिनिटांत मुंबईत. त्याच्यावर मोटारसायकलला बंदी आहे. रात्री त्याचे दिवे आमच्या वाडीतून झकास दिसतात.

सिनेमाचा धंदा कागदावर कमी नि तोंडावर जास्त चालतो. आधी एका ओळीत गोष्ट सांगा, मग दोन पानांत, मग सीनवार आराखडा, मग पटकथा, मग संवाद. पण त्याच्याही आधी 'नॅरेशन', म्हणजे साहेबासमोर बसून गोष्ट सांगायची. मी एका ऑफिसात गेलो होतो, ओळखीच्या ओळखीनं. काचेचं टेबल, गार हवा. माझी गोष्ट अशी : रात्रपाळीचा वॉचमन. ज्या यार्डात तो उभा आहे तिथं पूर्वी मिठागर होतं, त्याचा आजा तिथं राबलेला. तारेच्या कुंपणाखालून एक म्हातारी खाडीकडे चिंबोऱ्या धरायला जाते. ती त्याची आत्या. सुपरवायझर येतो, म्हणतो, घुसखोराची नोंद कर. वॉचमन रजिस्टर उघडतो. त्या जमिनीच्या कागदावर त्यांच्या घरातलं नाव पहिल्यांदा चढतं ते असं.

साहेब गप्प बसला. मग म्हणाला, "स्ट्राँग है. लेकिन आत्याला थोडी कॉमेडी करू. आणि कास्टवालं जरा सॉफ्ट."

मी म्हणालो, "कास्ट शब्द तर कुठंच नाही यात."

"तरी दिसतं ना," तो म्हणाला.

दिसतं ना! त्याहून मोठं सर्टिफिकेट मला आजवर मिळालेलं नाही. पुढं त्यानं फोन उचलला नाही. नाही तर नाही.

आता तिसरं नाव, नि ते सगळ्यांत आधीचं. अण्णाभाऊ साठे. वाटेगावचा मातंग घरातला माणूस, मुंबईत गिरणीत राबला, १९४४ ला अमर शेख नि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. 'फकिरा' लिहिली १९५९ ला. त्याच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले : 'वैजयंता' १९६१, 'फकिरा' १९६३, 'वारणेचा वाघ' १९७०. म्हणजे आपला माणूस पडद्यावर साठ वर्षांपूर्वीच जाऊन आला. तरी अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहिला नि १८ जुलै १९६९ ला हलाखीत गेला. आत शिरणं एक नि आपल्या कामावर आपला हक्क असणं दुसरं. पहिल्यासाठी आपण सगळे धडपडतो. दुसऱ्याचं कुणी बोलत नाही. बाबासाहेबांची पोरं आपण, कायदा वाचल्याशिवाय कसं चालेल?

तर कायदा सांगतो. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं, की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते. आनंद यांच्या नाटकावरून सिनेमा चोरला अशी तक्रार होती, ते हरले. याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. चहाच्या टपरीवर, साहेबाच्या ऑफिसात, तोंडानं सांगितलेली कल्पना सांडलेल्या पाण्यासारखी. सीन, संवाद, माणसं, क्रम सगळं लिहून काढा. मग अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे फी भरून सभासद व्हा नि पटकथा नोंदवा. ऑनलाइन होतं, खाडा पडत नाही. ही लेखकांची ट्रेड युनियन आहे, देवळाचा ट्रस्ट नव्हे. नोंदणीनं जमीनदार होत नाही कुणी, पण कोणत्या तारखेला काय लिहिलं होतं याचा पुरावा राहतो. आणि करार पुढं आला तर लक्षात ठेवा : २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेर सिनेमा वापरला की लेखकाला रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा आहे, नि तो निर्मात्याला लिहून देऊन टाकता येत नाही. कुणी 'सगळे हक्क कायमचे' असं लिहिलेला कागद सरकवला, तर सही करायच्या आधी युनियनला दाखवा. अण्णाभाऊच्या काळात हे नव्हतं. आज आहे, नि आपल्याला माहीत नसेल तर असून नसल्यासारखं.

बाकी माझं म्हणणं थोडकंच. ॲपवर टाका, जरूर टाका. उद्या नवं निघेल, त्याच्यावरही टाका. फुकटचा मांडव आहे तोवर नाचून घ्यावं. पण मांडवाला घर समजू नये. वाचणाऱ्याचं नाव नि नंबर आपल्या वहीत घ्या. दहाच होतील, पण ती दहा माणसं कुणाला बंद करता येणार नाहीत. आपल्या या सायक्लोस्टाईल पानांचं तेच आहे. शाई हाताला लागते, अक्षरं पुसट उठतात, पण अंक कुणाच्या हातात गेला ते आपल्याला ठाऊक असतं.

दुसरं, भाषा. साहेबाला कळावी म्हणून आत्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. ती 'मी खाडीकडे जात आहे' असं बोलायला लागली की ती मेली. इंग्रजीत सारांश लागतो तर कॉलेजातल्या आपल्या पोरीपोरांकडून करून घ्या. त्यांनाही काम, आपल्यालाही सोय.

आणि एकट्यानं लिहू नका. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाचजण दर रविवारी संध्याकाळी वाडीच्या विहारात बसतो. एक ट्रकवर क्लीनर, एक नर्सिंग शिकणारी, दोघं यार्डातले, नि मी. प्रत्येकानं एक सीन वाचायचा. बाकीच्यांनी फक्त एवढंच सांगायचं, की कुठं कंटाळा आला नि कुठं खोटं वाटलं. 'छान' म्हणायला बंदी आहे. नर्सिंगवालीनं माझा वॉचमन पहिल्याच दिवशी फाडला. म्हणाली, "तो नाव लिहितो खरं, पण त्याचा हात कुठं थांबतो ते तू दाखवलंच नाहीस." तेव्हापासून तो सीन मी चार वेळा लिहिलाय.

पाचव्यांदा येत्या रविवारी वाचणार आहे. संध्याकाळी सहाला, विहाराच्या ओट्यावर. ज्याला यायचं त्यानं यावं, येताना आपली पानं आणावीत. माझी खरी आत्याही येणार आहे, चिंबोऱ्या विकून झाल्यावर. म्हणाली, "माझं नाव कागदावर कसं चढवतोस, ते मला ऐकायचं हाय."

जयभीम.