नर्सने किती दिवसांनी यावं?

पक्षाघातानंतर अम्मी अंथरुणाला खिळली, पाठीवर जखम झाली आणि सीवूड्सच्या आमच्या घरात प्रश्न उभा राहिला: नर्सने किती दिवसांनी यावं? एजन्सीच्या माणसाने आधी बजेट विचारलं. जखम त्याने पाहिलीही नव्हती.

आपल्याच महाराष्ट्रात याचं चांगलं उत्तर सापडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळांना तपासत. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला: नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 2011 पासून हे काम देशभर आशाताई करतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. आधी फेऱ्या जवळजवळ, नंतर लांब. कारण पहिल्या आठवड्यात धोका सर्वांत जास्त. तिथे दिवस धोका बघून ठरले.

म्हाताऱ्या माणसासाठीही हाच हिशोब हवा. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं: जखम ओली आहे तोवर रोज, भरू लागली की दिवसाआड, मग आठवड्याला, ताप आला तर पुन्हा रोज. शिक्षकाच्या पगाराला हे जड आहेच. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं आम्ही घरच्यांनी नर्सकडून शिकून घेतलं.

इयादत हा आजाऱ्याचा हक्क, असं आपण मानतो. मग नर्सच्या फेऱ्या ठरवतानाही आधी आजाऱ्याकडे बघा, पैशांचं नंतर बोला.