परक्या शहरातला पेला

झाशी जिल्ह्यातील गरौठा तहसिलीत गुरसरायला एकेकाळी मराठी जहागीर होती. तिथल्या एका मराठी घरातील तरुण नोकरीच्या निमित्ताने मुंबईत आला, तेव्हा मद्य म्हटले की त्याला एकच वास आठवे: चैत्राच्या पहाटे झाडाखाली टपटपणाऱ्या, मग वाळवून आंबविलेल्या मोहफुलांचा.

मुंबईत पिण्यासाठीही परवाना लागतो, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो प्रकृती राखण्याच्या नावाने मिळतो, हे ऐकून तो पोटभर हसला. ताजमधील १९३३ सालच्या हार्बर बारवरून तो पुष्कळदा नुसताच पुढे गेला. अखेर दुसऱ्या एका झगमगत्या बारमध्ये धीर करून त्याने कॉकटेल मागविले. वेटरने आधी त्याच्या वहाणा पाहिल्या, मग दर ऐकविला. पेल्यात बर्फच फार होता. त्याची तक्रार नव्हती. सलत राहिला तो दर ऐकविण्याचा स्वर.

ग्रँट रोडच्या एका परमिट रूममध्ये रमबरोबर लिंबू आणि सोडा, एवढाच काय तो थाट. तिथल्या म्हाताऱ्या वेटरने आठवड्याभरात, न मागता, खारे शेंगदाणे पुढे ठेवले. "गाव कंचं, साहेब?" गरौठा हे नाव त्याने ऐकलेले असण्याचे कारणच नव्हते. "झाशीकडचं," म्हणताच मात्र तो उजळला, "म्हंजे राणीच्या मुलखातले तुम्ही!"

त्या रात्री तिसरा पेला त्याने आणलाच नाही. बिल ठेवीत म्हणाला, "उठा आता. शेवटची गाडी चुकंल."