सेकंदाच्या दहाव्या भागासाठी

सरकारी नोकरीत लघुलेखकाच्या निम्नश्रेणीला मिनिटाला 100 शब्दांचा वेग लागतो, उच्चश्रेणीला 120 चा. शंभरच्या वेगात एका शब्दाच्या वाट्याला 0.6 सेकंद येतात, एकशेवीसच्या वेगात 0.5. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, आणि तेवढ्यासाठी मुलं वर्षानुवर्षं अडकून पडतात. बेलापुरात कोकण भवनासारख्या कचेऱ्यांकडे डोळे लावून बसलेली मुलं मला विचारतात, "सर, रोज किती डिक्टेशन घेऊ?" मी म्हणतो, आधी थिअरी पुन्हा काढ. चेहरे पडतात. थिअरी म्हणजे 60 च्या परीक्षेआधी उरकायची गोष्ट, अशी समजूत. क्लासवालेही ती खोडून काढत नाहीत.

पण हात सहसा मंद नसतो. पेन्सिल थबकते ती आउटलाइन ठरत नाही म्हणून. इंग्रजी 'कोट' लिहिताना 'क'ची रेघ निम्मी केली की 'ट' आपोआप आला. 'कोड'ला मात्र पूर्ण 'क' काढून 'ड' जोडायचा. एका अवयवाच्या साध्या शब्दात बारीक रेघ 'ट'साठीच निम्मी होते, जाड रेघ 'ड'साठीच. हे आठवावं लागलं, तर तो दहावा भाग तिथेच गेला.

'र'चं प्रकरण तर मला पिटमनच्या पद्धतीतलं सर्वांत देखणं वाटतं. आयझॅक पिटमननं 1837 साली ही पद्धत उच्चारावर उभी केली. वेगात स्वरांचे ठिपके गाळावेच लागतात; मग शब्द वाचायचा कसा? 'र'च्या दिशेवरून. सुरुवातीच्या 'र'आधी स्वर असेल तर तो बहुधा खाली उतरतो, नसेल तर वर चढतो. ठाण्याहून वाशीला येताना ऐरोली खाली, पुढचंच रबाळे वर! शेवटी उलट: 'फेअर'चा 'र' खाली, 'फेरी'चा वर. लोकलमध्ये उभ्यानं, वहीशिवाय, स्टेशनांच्या नावांवर हा सराव होतो. शेजारचा प्रवासी हवेत फिरणाऱ्या बोटाकडे संशयानं बघतो, तेवढं सोसावं.

नियम चुकवून कसंबसं गाठलेल्या वेगाचा हिशेब प्रतिलेखनाला बसल्यावर होतो: पान भरलेलं असतं आणि वाचता येत नाही. तेव्हा वेग अडला असेल, तर आठवडाभर नवं डिक्टेशन घेऊ नका. जुन्या वह्यांत पेन्सिल जिथे अडखळली तिथे खूण करा, त्या शब्दाचा नियम पुस्तकात शोधा आणि त्याच नियमाचे वीस-पंचवीस शब्द लिहून काढा.