तळाशी नऊ माड

मासी हा तमिळ महिना फेब्रुवारीच्या मध्याला लागतो आणि मार्चच्या मध्याला संपतो. आपला माघ-फाल्गुन. नाव माघावरून आलेलं आहे, पण मराठी कानाला त्यात मासाच ऐकू येतो, आणि ओरत्तनाडूत तरी कानाचं फारसं चुकत नाही. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं. त्यानंतर कल्लणैपासून निघालेला कालवा आटायला लागतो. १९३४ पासून वाहणाऱ्या या कालव्याला लोक अजूनही ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. सांबा भाताची कापणी झालेली असते. तळ्यांत नवं पाणी येत नाही आणि आहे ते रोज बोटभर उतरतं. कडेच्या गवतात हिंडणारे मासे खोलगट भागाकडे सरकतात. तमिळमध्ये त्या भागाला ‘मडु’ म्हणतात, आपण डोह म्हणू.

बँकेच्या बदलीनं मी या गावात आलो. मूळचा भंडाऱ्याचा, म्हणजे तलावांच्याच मुलखातला. मालगुजारांच्या काळातले तलाव, त्यांच्या पाळी, त्यांवर जगणारे ढीवर हे सगळं पाहत वाढलेल्या माणसाला तंजावर जिल्हा परका वाटत नाही. शिवाय इथं मराठीची एक जुनी खूण आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावानं छत्र बांधलं. गावाला मुक्तांबाळपुरम असंही नाव आहे. छत्रावरून जाताना मी मनातल्या मनात मराठीत काहीतरी पुटपुटतो. उत्तर अर्थातच येत नाही.

गळ टाकायची सवय लहानपणची. पण खोल पाण्यातला बनावट मासा माझ्या हाती आला तो टेनेसीतल्या भाच्यामुळे. तो तिकडे बास धरतो. त्यानं पाठवलेल्या डबीत चार क्रँकबेट होते. पोट फुगीर, पाठ हिरवट, आणि तोंडापुढे पारदर्शक प्लास्टिकचा पसरट ओठ. सगळी करामत त्या ओठाची. हा मासा पाण्यावर तरंगतो. दोरा ओढला की पाणी ओठावर दाबतं आणि तो थरथरत खाली सूर मारतो. ओठ जितका लांब आणि दोरा जितका बारीक, तितका तो खोल जातो. ओढणं थांबवलं की हळूहळू वर येतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. पुढे टेनेसीतच फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडाचा गलेलठ्ठ ‘बिग ओ’ कोरला. माझ्या डबीतले चौघे याच घराण्यातले.

भाच्यानं फोनवर समजावलं होतं. ‘‘मामा, वसंताच्या तोंडाला पाणी गारच असतं. बास अजून उथळात येत नाहीत. खोल उतारावर, दगडांपाशी, बुडालेल्या ओंडक्यांपाशी थांबलेले असतात. क्रँकबेट तळाला आपटला पाहिजे. आपटला, बाजूला उडाला, क्षणभर थांबला, की तेव्हाच मासा घेतो. नुसता पाण्यातून ओढलात तर व्यायाम होईल.’’ त्या दिवसांतले मासे सगळ्यांत वजनदार का असतात तेही त्यानं सांगितलं. माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. पाणी सोळा-सतरा अंशांवर गेलं की त्या उथळात अंडी घालतात आणि नर घरट्यावर पहारा देतो. म्हणून भाचा तिकडे धरलेली मादी फोटो काढून लगेच सोडतो.

ओरत्तनाडूत पाणी गार नसतं आणि बासही नसतो. इथं आहे मरळ, तमिळमध्ये विराल. डोकं सापासारखं, अंग लांबट, जबडा दातेरी. हा मासा नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. डोक्यात हवा साठवायची सोय असते आणि ठरावीक वेळानं वर येऊन त्याला श्वास घ्यावाच लागतो. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिला तर मासा असूनही तो बुडून मरतो. उलट अंग ओलं असेल तर पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो. तळं आटलं तर चिखलात शिरतो, पावसात ओल्या गवतावरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. माझी सगळी गोष्ट या श्वासावर उभी आहे.

ज्यांच्याकडून मी हे शिकलो त्यांना मी ‘अय्या’ म्हणतो. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, आमच्या शाखेचे खातेदार. ते मला कामकाजाच्या वेळेत ‘सार’ म्हणतात आणि तळ्यावर ‘तंबी’. त्यांची जमीन तळ्याच्या पाळीला लागून आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै भागातल्या नारळबागा आडव्या करून गेलं. अय्यांची बागही गेली. शेतात पडलेले माड कापून हलवता आले. पाळीवरचे नऊ माड तळ्यात कोसळले होते. ते ओढून काढायचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होता. खोडं भिजली, जड झाली आणि तळाशी बसली.

पहिल्या मासीत मी तिथं क्रँकबेट टाकला तेव्हा अय्या पाळीवर उकिडवे बसून दोऱ्याकडे बघत होते. काठीच्या टोकाला टक् करून धक्का बसला. ‘‘तो तिसरा,’’ ते म्हणाले. थोडं पुढे पुन्हा टक्. ‘‘चौथा. त्याचा शेंडा मोरीकडे आहे.’’ नऊही खोडं कुठे, कशी, कोणत्या तोंडानं पडली आहेत हे त्यांना पाठ होतं. भाचा हेच काम नावेवरच्या पडद्यावर, ध्वनिलहरींनी करतो. अय्यांनी एका कोरड्या वर्षी तळ्यात पायी हिंडून ते केलं होतं.

तळ्यातले मासे दरवर्षी ठेक्यानं जातात. पंगुनीत, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात, पाणी गुडघ्याला आलं की ठेकेदार उरलंसुरलं पाणी उपसतो आणि ओढजाळं फिरवतो. मग काही उरत नाही. त्याआधीचे पंधरा-वीस दिवस अय्यांचे असतात. ते ठेकेदाराच्या परवानगीनं मोठे विराल गळानं धरतात, त्याच्याच काट्यावर तोलतात, बाजारभावानं पैसे देतात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून जिवंत घरी नेतात. विहिरीशेजारी त्यांनी खड्डा खणून त्यात मोटारीचं पाणी भरलेलं असतं. पावसाळ्यात तळं भरलं की त्यांतले निम्मे परत तळ्यात सोडतात.

विराल हा महाग मासा. शेकड्यांनी रुपये किलो. ज्या खातेदाराच्या नारळकर्जाची मुदत आम्ही वाढवून दिली होती, तो रोख पैसे मोजून मासे विकत घेत होता, आणि तेही पुन्हा पाण्यात सोडायला. हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला. ठेकेदाराला फुकट मिळणारा फायदा, पुढच्या वर्षी वाढलेली ठेक्याची बोली, आणि त्यात अय्यांचं नाव कुठेच नाही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘तंबी, भाताचं बी विकत घेतो तेव्हा बँक विचारते का, कशाला म्हणून?’’

मी म्हणालो, ‘‘बी आपल्या शेतात पडतं.’’

‘‘माझे माड पडलेत की तळ्यात,’’ ते म्हणाले.

या उत्तरात कितपत थट्टा होती ते मी त्यांना विचारलं नाही. नव्या रोपांना नारळ धरायला पाच-सात वर्षं लागणार होती. त्या मधल्या काळात त्यांच्या हातात फळ देणारं एवढंच होतं, हे मात्र मला दिसत होतं.

माझ्या क्रँकबेटवर त्यांची एक अट होती. तीन तोंडांचे गळ चालणार नाहीत. मी ते काढून एकेक साधा गळ लावला आणि पकडीनं त्याचा काटा दाबून टाकला. जखमी मासा खड्ड्यात टिकत नाही. गवतात बेडूक लावलेला गळच बरा, हे तेही मान्य करतात. पण उन्हं चढल्यावर थोराड विराल खोडांच्या आडोशाला खाली बसतात, आणि तिथं गांडूळ लावलं तर आधी बारके मासेच ते खाऊन टाकतात. तिथं हा थरथरणारा प्लास्टिकचा मासा उपयोगी पडला.

पद्धत अशी बसली. अय्या पाण्याकडे बघत राहायचे. कुठेतरी हलकासा ‘पुळुक’ आवाज, एक वर्तुळ. विरालचा श्वास. ‘‘मूच्चु,’’ ते पुटपुटायचे आणि बोटानं खोड दाखवायचे. मी क्रँकबेट वर्तुळाच्या बऱ्याच पलीकडे टाकायचो, म्हणजे खोडाशी येईपर्यंत तो खोल गेलेला असे. आठ फूट पाण्यात बारा फुटांचा क्रँकबेट चिखल नांगरतो, म्हणून काठीचं टोक वर धरायचं. टक् झालं की थांबायचं. दोरा सैल. तो खोडावरून उठतो तेवढ्यात, घेतला तर घेतला.

बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वरानं राजाच्या करमणुकींत ‘मत्स्यविनोद’ही घातला आहे. माशांचे प्रकार, त्यांना काय खाऊ घालायचं, काठी, दोरी, गळ, सगळं आहे. याच ग्रंथात मराठीच्या अगदी जुन्या ओळीही सापडतात, म्हणून आपल्याला तो जवळचा. मी अय्यांना त्याबद्दल सांगितलं. राजा मासे आधी खाऊ घालून माणसाळवायचा आणि मग धरायचा, यावर ते बराच वेळ हसले. ‘‘राजाला ठेका भरावा लागत नसणार,’’ म्हणाले. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८८७ मध्ये तळ्यांतल्या गळाच्या मासेमारीवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं, हेही सांगितलं. त्यावर त्यांनी एकच विचारलं, ‘‘त्यात तळ्याच्या तळाबद्दल आहे का?’’

त्या वर्षी मासीत आम्ही अकरा विराल धरले. चार माझ्या क्रँकबेटवर, सात त्यांच्या बेडकावर. दोन खड्ड्यात दगावले. ऐप्पसीत, ऑक्टोबरच्या शेवटी, ईशान्य मोसमी पाऊस लागल्यावर त्यांनी पाच तळ्यात सोडले आणि चार स्वतःला ठेवले. मी खर्चाचा आकडा काढून ठेवला होता. तो त्यांना दाखवला नाही.

कार्तिगैत एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, लगेच या म्हणून. तळं पाळीपर्यंत भरलं होतं. सहाव्या माडाच्या वर, हातभर पाण्यात, नारिंगी पिल्लांचा एक गोळा फिरत होता. शेकडो असतील. गोळा सरके तसा त्याच्याखालून एक काळी सावली सरके, आणि मध्येच पिल्लं वर येऊन पाण्यावर बारीक सरीसारखे ठिपके उमटवत. तेही श्वासच. अशा वेळी त्या गोळ्याजवळ काहीही टाकलं तरी आईबाप तुटून पडतात. मरळ धरायला याहून सोपा दिवस नाही. अय्यांनी मला काठी आणू नका असं सांगितलं नव्हतं. आम्ही दोघंही रिकाम्या हातांनी आलो होतो.